तारबाबूला केव्हा काय ठाऊक होतं

एका हेरपटाचा पहिला कट, म्हणजे संकलनानंतरची पहिली जोडणी, २ तास २४ मिनिटांचा निघाला. पटकथेत ७२ दृश्यं होती, पण पाहणाऱ्यांसाठी चित्रपट अडतिसाव्या दृश्यातच संपत होता. तारबाबू, म्हणजे स्टेशनात तारा पाठवणारा-घेणारा कारकून, कोणाच्या बाजूचा, या एका प्रश्नावर सगळी गोष्ट शेवटपर्यंत ताणून धरलेली. आणि त्याचं उत्तर नटाच्या एका नजरेतून मध्यंतराच्या तोंडावरच सांडलं होतं. संवाद नीट होते, अभिनय चांगला होता, कॅमेऱ्यात दोष नव्हता. चूक मे महिन्यात, चित्रीकरणाच्या चौथ्या दिवशी झाली आणि कळली ऑक्टोबरात, संकलनाच्या टेबलावर.

हे प्रकरण पटकथा, दिग्दर्शन आणि संकलन शिकणाऱ्यांना सोडवायला देण्यासाठी रचलेलं आहे. चित्रपट, त्याचं युनिट आणि वेळापत्रक नमुन्याचं. ठिकाणं, इतिहास, नियम, यंत्रं आणि मापं मात्र खरी. खानदेशात थोडक्या पैशांत हेरपट करायला निघालेल्या कोणालाही याच अडचणी याच क्रमाने भेटतील.

गोष्ट

काळ १९४३ च्या दिवाळीपासून १९४४ च्या एप्रिलपर्यंतचा. तापीकाठच्या एका लहान स्टेशनात तारबाबू नोकरीला. धाकटा भाऊ भूमिगत. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीवर गोळीबार झाला, शिरीषकुमार आणि त्याचे सोबती शहीद झाले, त्यानंतर हा घर सोडून गेला तो गेलाच. स्टेशनातून जाणाऱ्या तारांतलं काही फौजदाराच्या कानावर घालायचं, असं तारबाबूने कबूल केलंय. पकडायच्या माणसांची यादी तारेने आली की भावाच्या साथीदारांना ती आगाऊ कळवायची, असंही कबूल केलंय. दोन्हीकडे तो अर्धंच सांगतो.

लेखकाने एक गोष्ट फार बरी केली. तारबाबूची सरकारकडची ओढ त्याने मोठ्या शब्दांवर उभी केली नाही, रेल्वेच्या धान्यदुकानाच्या कार्डावर उभी केली. महायुद्धात भाव कडाडले तेव्हा रेल्वेने आपल्या नोकरांसाठी स्वस्त धान्याची दुकानं चालवली होती. नोकरी गेली तर क्वार्टर जातं, कार्ड जातं, आणि घरात म्हातारी माय आहे. दुभंगलेल्या निष्ठेच्या गोष्टी फसतात त्या बहुधा इथेच: एका बाजूला देश आणि दुसऱ्या बाजूला नुसता लोभ ठेवला की प्रेक्षकाला निवड करावीच लागत नाही. इथे दोन्ही पारड्यांत प्रेमच आहे. धाकटा एकदा विचारतो, ‘दादा, तू कोना शे?’ (तू कोणाचा आहेस?) आणि तारबाबू म्हणतो, ‘मी मायना.’ (मी आईचा.) सगळा चित्रपट या दोन शब्दांत आहे.

एका मोहापासून मात्र लेखकाला दूर ठेवावं लागलं. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. काळ तोच, मुलूख तोच. पहिल्या मसुद्यात खजिन्याच्या वाटेची बातमी तारबाबूच फोडत होता. ते काढून टाकलं आणि ते योग्यच झालं. डॉ. उत्तमराव पाटील, लीलाताई पाटील आणि त्यांच्या सोबत्यांनी जिवावर उदार होऊन केलेल्या कामाचं श्रेय काल्पनिक हेराच्या पदरात टाकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्या जागी पकड-यादी आली. यादी लहान गोष्ट आहे, पण हेरपटाला मोठी गोष्ट लागतच नाही. दोन माणसांना वेगवेगळी माहिती असलेली एकच गोष्ट पुरते.

तारेचा आवाज

कथेचं रहस्य आवाजात आहे, म्हणून यंत्र आधी समजून घ्यायला हवं. चित्रपटांत तार म्हटली की टूं-टूं असा सूर ऐकवतात. तो सूर बिनतारी संदेशाचा. स्टेशनातल्या तारेला सूर नसतो. कळ दाबली की विद्युतप्रवाह जोडला जातो, दुसऱ्या टोकाच्या साउंडरमधलं, म्हणजे तार वाजवणाऱ्या यंत्रातलं, विद्युतचुंबक पितळी दांडीवरची लोखंडी पट्टी खाली ओढतं आणि ‘कट्’ असा आवाज येतो. कळ सोडली की स्प्रिंग दांडी वर खेचते आणि थोडा वेगळा ‘टक्’ येतो. या दोन आवाजांमधलं अंतर कमी असेल तर डॉट, जास्त असेल तर डॅश; सगळी अक्षरं या दोन खुणांची बनतात. तारबाबू आवाज मोजत नाही, मधली शांतता मोजतो.

माप ठरलेलं आहे. डॅश तीन डॉटांएवढी, दोन अक्षरांमध्ये तीन डॉटांची जागा, दोन शब्दांमध्ये सात. मिनिटाला १२ शब्दांचा वेग धरला तर एक डॉट १०० मिलिसेकंदांचा आणि डॅश ३०० ची. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. त्यामुळे डॅश जवळपास ७ फ्रेम घेते. सराईत तारबाबू याच्या दुप्पट वेगाने जायचे, पण पडद्यावर तो वेग नुसता खडखडाट वाटतो. १२ शब्द ठेवावेत.

आता खरी मेख. प्रत्येक तारबाबूचा ‘हात’ वेगळा असतो. कोणी डॉट आखूड मारतो, कोणी अक्षरांच्या मध्ये अडखळतो. तारेच्या त्या टोकाला बसलेला माणूस नाव न सांगता ओळखतो. आपला तारबाबू शब्दाची शेवटची डॅश लांबवतो, ३०० ऐवजी ४५० मिलिसेकंद, म्हणजे ७ ऐवजी ११ फ्रेम. चार फ्रेमांचा हा फरक कानाला कळतो. सहाव्या दृश्यात तो दिसतोही आणि ऐकूही येतो. एकोणिसाव्यात दोघे भाऊ जेवायला बसलेत, आणि धाकटा बोलता बोलता ताटावर चमच्याने टकटक करतो: दोन टकटकींमधलं शेवटचं अंतर तसंच लांब. त्याने तार दादाकडूनच शिकली, दादाचा दोषही सोबत आला. एकसष्टाव्या दृश्यात मध्यरात्री तार जाते. कोण पाठवतंय ते दिसत नाही. भुसावळ जंक्शनचा तारबाबू हात ओळखतो, आणि सकाळी फौजदार मोठ्या भावाला धरतो. सहासष्टाव्यात कळतं की ती तार धाकट्याने पाठवली होती आणि दादाने कबुली देऊन ती स्वतःवर घेतली.

म्हणजे एकसष्टपासून सहासष्टपर्यंत प्रेक्षकाची खात्री हवी की तार दादानेच पाठवली. आणि त्याच्याही आधी, धाकट्याने तारघराच्या दाराची दुसरी किल्ली करून घेतलीय, हे दादाला कळायचं सत्तेचाळिसाव्या दृश्यात, केळीच्या बागेत. त्याआधी कधीही नाही.

जागा आणि ऋतू

तारघर, स्टेशनमास्तरची खोली आणि क्वार्टरची पडवी एका जुन्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात उभी केली. दगडी भिंती, लाकडी कैच्या, वर पत्रा. त्या काळच्या स्टेशनची आठवण देणारं बांधकाम. जिनिंग कापसाच्या हंगामात भाड्याने मिळत नाही. दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत आवारात कापूस असतो. पावसाळ्यात आवार रिकामं, पण तेव्हा शिवार हिरवंगार आणि गोष्टीतला शेवट कोरड्या एप्रिलमधला. उरला मे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे ठाऊक असूनही मे घेतला, कारण उकाडा सोसता येतो, हिरवं शिवार वाळवता येत नाही. २४ दिवसांचं वेळापत्रक. काम पहाटे साडेपाच ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर.

खऱ्या स्टेशनवर चित्रीकरण केलं नाही. मध्य रेल्वेची परवानगी मुंबईतल्या मुख्य जनसंपर्क अधिकाऱ्यांकडून येते. गावचा स्टेशनमास्तर ती देऊ शकत नाही, आणि त्याच्या तोंडी होकारावर युनिट नेणं त्यालाच अडचणीत आणतं. शुल्क, अनामत, विमा हे सगळं करूनही हाती काय येतं? भुसावळ, जळगाव कुठेही कॅमेरा लावा, रुळांवर २५ हजार व्होल्टच्या तारा आणि खांब. १९४४ मध्ये त्या नव्हत्या. गाडी म्हणून खिडकीच्या फटींतून सरकणारा प्रकाश दाखवला: ट्रॉलीवर दिवा, त्याच्यापुढे पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या, आणि फळीवरचे पितळी पेले मागून दोऱ्याने थरथरवले. इंजिन एकदाही दिसत नाही, आणि कोणाला त्याची उणीव भासत नाही.

काळाच्या चुका शेतात जास्त होतात, कारण नेपथ्यवाल्याचं लक्ष घरात असतं. केळीची बाग हिरवी दिसली की सगळे खूश होतात. पण रावेर-यावलच्या आजच्या बागेत ठिबकच्या काळ्या नळ्या आहेत, घडांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत, आणि टिश्यू कल्चरची ग्रँड नैन जातीची केळी एका उंचीत रांगेने उभी आहे. हे सगळं कितीतरी नंतरचं. नळ्या वाळल्या पानांनी झाकल्या, पिशव्या मालकाच्या परवानगीने दोन ओळींपुरत्या काढल्या, आणि रांग दिसू नये म्हणून कॅमेरा रांगेच्या तिरका ठेवला. बांधावरचं गाजर गवत उपटावं लागलं. ते भारतात प्रथम १९५० च्या दशकात नोंदलं गेलं, तेव्हा १९४४ च्या चौकटीत त्याला जागा नाही. बैलगाडी रबरी टायरची नको, लाकडी चाक आणि लोखंडी धाव हवी. मिरवणुकीच्या आठवणीत तिरंगा आहे तो चरख्याचा. अशोकचक्र असलेला झेंडा शिवून आला होता, तो परत पाठवला.

केळीच्या बागेचा आणखी एक धडा म्हणजे चीक. केळीच्या खोडा-पानांतून गळणारा चीक अंगावर पडताना पाण्यासारखा दिसतो, काही वेळाने तांबूस होतो आणि कपडा धुतला की काळपट तपकिरी होऊन कायमचा बसतो. पटकथेत याचा उपयोग सुंदर केलाय: तारबाबूच्या बाहीवरचा डाग पाहून फौजदाराला कळतं की हा रात्री बागेत होता. पण चित्रीकरण उलटसुलट क्रमाने होतं, आणि खरा चीक आपल्या वेळापत्रकाप्रमाणे रंग बदलत नाही. बागेतल्या पहिल्याच रात्री दोन खरे सदरे कामातून गेले. मग एकाच कापडाचे पाच सदरे शिवले: दोन कोरे, तीन डागाच्या तीन अवस्थांचे, डाग कापडावरच्या रंगाने काढलेले. प्रत्येकाच्या कॉलरच्या आत दृश्यक्रमांक शिवला. ज्या सदऱ्यावर रंगवलेला डाग आहे त्याला बागेत न्यायचं नाही, हा नियम.

वादळाचाही हिशेब ठेवावा. मेच्या अखेरीस वळवाच्या वाऱ्याने उभ्या बागा आडव्या होतात. बागेतली तीन रात्रींची दृश्यं म्हणूनच वेळापत्रकाच्या पहिल्या आठवड्यात टाकायला हवी होती. ती सतराव्या दिवशी टाकली, कारण दिव्यांचा जनरेटर तोवर दुसरीकडे होता. बाग वाचली, पण चौथ्या दिवसाची चूक याच निर्णयातून जन्मली.

चौथा दिवस

जागा एक, म्हणून तारघराची सगळी दृश्यं एकत्र घेतली. हे बरोबरच असतं. दिवे पुन्हा पुन्हा हलवायला पैसे नसतात. चौथ्या दिवशी सकाळी दृश्य ५२ घेतलं: फौजदार झडतीला येतो, किल्लीचा खिळा रिकामा आहे हे त्याला दिसू नये म्हणून तारबाबू आपला कोट त्यावर अडकवतो. नटाने ते उत्तम केलं, आठव्या टेकला, म्हणजे आठव्यांदा घेतल्यावर. जेवणानंतर त्याच खोलीत दृश्य ३८: तोच फौजदार, तीच खुर्ची, यादी कधी येणार म्हणून चौकशी. कथेत हे दृश्य चौदा दृश्यं आधीचं आहे. किल्ली खिळ्यावर आहे, तारबाबूला काहीही संशय नाही. पण नटाच्या अंगात सकाळचं दृश्य मुरलेलं होतं. फौजदार ‘रात्री इथे कोण असतं?’ म्हणाला आणि नटाने क्षणभर खिळ्याकडे पाहिलं.

दिग्दर्शकाला ती नजर आवडली. हे लक्षात घ्यावं, कारण याच कारणाने चूक निसटते: सुटं पाहिलं तर ती चांगल्या अभिनयाची खूण आहे. माणूस घाबरलाय, काही लपवतोय. पण त्या दिवशी त्याच्याकडे लपवायला काही नव्हतंच. सतराव्या दिवशी बागेत भाऊ किल्लीचं सांगतो तेव्हा त्याच नटाने खरा धक्का दिला, आणि संकलनात दोन्ही तुकडे एकामागून एक आले तेव्हा तो धक्का खोटा ठरला. प्रेक्षकाने सरळ हिशेब केला: याला किल्लीचं आधीच ठाऊक होतं, म्हणजे हा भावाला सामील आहे, म्हणजे हा सुरुवातीपासून क्रांतिकारकांचाच. प्रश्न संपला.

कपड्यांची, केसांची, विडीच्या लांबीची कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटपासून दुसऱ्यापर्यंतचा मेळ, सगळे सांभाळतात. हेरपटात त्याहून मोलाची असते ती माहितीची. या युनिटकडे पहिला तक्ता चोख होता, दुसरा नव्हताच. तो नंतर बनवला. प्रत्येक दृश्यासाठी एक ओळ, आणि ती कथेच्या क्रमाने लिहायची, चित्रीकरणाच्या नाही:

दृश्य ३८. तारबाबूला ठाऊक: यादी येणार आहे. ठाऊक नाही: दुसरी किल्ली. फौजदार समजतो: हा आपला माणूस. धाकटा समजतो: दादा फौजदाराला काहीच सांगत नाही. प्रेक्षकाला ठाऊक: दादा दोघांना सांगतो. आजचं खोटं: यादी सोमवारी येईल (ती शनिवारी येणार).

दृश्य ४७. तारबाबूला नव्याने कळतं: किल्ली. धाकट्याला नव्याने कळतं: दादा फौजदाराकडे जातो. प्रेक्षकाला नव्याने कळतं: किल्ली. आजचं खोटं: नाही. चित्रपटात तारबाबू खरं बोलतो असं हे एकमेव दृश्य.

दृश्य ५२. तारबाबूला ठाऊक: किल्ली कोणाकडे आहे. फौजदार समजतो: अजून आपलाच, पण बाहीवर डाग आहे. आजचं खोटं: रात्री ताप होता, घरीच होतो.

सगळ्यांत उपयोगी रकाना शेवटचा. नटाला दृश्याआधी भावना सांगू नये, आजचं खोटं सांगावं. ‘तू द्विधा आहेस’ म्हटलं की तो कपाळावर आठ्या घालतो. ‘यादी शनिवारी येणार आहे आणि तू याला सोमवार सांगणार आहेस’ म्हटलं की हाताला काम मिळतं. ‘ठाऊक नाही’ हा रकाना दिग्दर्शकासाठी. नटाने पूर्ण पटकथा वाचलेली असते, पात्राने वाचलेली नसते. शक्य असेल तिथे ज्ञान बदलणारं दृश्य, इथे ४७, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दृश्यांच्या मध्ये घ्यावं; नसेल शक्य तर निदान ३८ सकाळी आणि ५२ दुपारी. एवढी अदलाबदल चौथ्या दिवशी फुकटात झाली असती.

दुरुस्ती

ऑक्टोबरात चार उपाय समोर होते. नजर असलेला तुकडा कापून फौजदाराचा चेहरा घालणं: त्या जागी दोघांचे संवाद एकमेकांवर चढलेले, फौजदाराच्या शॉटमध्ये ओठ जुळेनात. चौकट आत ओढून खिळा बाहेर ठेवणं: ४के, म्हणजे खूप बारकावे टिपणारं, चित्र असल्याने जमलं असतं, पण नजर उरलीच, आणि कशाकडे पाहतोय ते न दिसल्याने गूढ वाढलं. दृश्य ३८ उचलून ४७ च्या पुढे नेणं: मधल्या ४१ मध्ये यादी येऊन जाते, मग ‘यादी कधी येणार’ हा प्रश्नच वेडगळ. चौथा उपाय स्वस्त निघाला. नजर राहू द्यायची, तिला दुसरं लक्ष्य द्यायचं. खिळ्याच्या बाजूला भिंतीवर घड्याळ आहे असा एक शॉट घ्यायचा, पावणेबारा वाजलेत, आणि नजरेनंतर तो लावायचा. आता तारबाबू घड्याळाकडे पाहतो, कारण गाडीची वेळ झालीय. नजर तीच आणि भीतीही तीच, पण तिचा अर्थ साध्या घाईचा.

एका शॉटसाठी आता जिनिंग मिळेना, आवारात कापूस येऊन पडला होता. सरकी-रुईच्या आवारात दिवे नेणं असंही धोक्याचं. मे महिन्यातदेखील तिथे खरी ज्योत वापरली नव्हती, कंदिलांत मंद होणारे एलईडी होते आणि दोन अग्निशामक नळकांडी सतत जवळ. दुसऱ्या शेडमध्ये ८ बाय १० फुटांची एकच भिंत उभी केली, त्याच चुन्याच्या रंगाची. कॅमेऱ्याची उंची साडेचार फूट आणि ५० मिलिमीटरची लेन्स ही नोंद सहायकाच्या वहीत होती म्हणून नजरेची रेषा जुळली. कंदिलाचं भिंतीपासूनचं अंतर मात्र कोणी लिहिलं नव्हतं, घड्याळावरचा उजेड पिवळट आणि कडक आला, आणि रंगसंस्काराला जास्तीचा अर्धा दिवस गेला. टेपने मोजून लिहायला दहा सेकंद लागले असते.

बोली

जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेला लेवा गणबोली, जामनेर-बोदवडकडे तावडी, अमळनेरपासून धुळे-साक्रीपर्यंत अहिराणी. बाहेरचा नट या सगळ्याला ‘खानदेशी’ समजतो आणि थोडं वऱ्हाडी मिसळून बोलतो. अमळनेरचा प्रेक्षक दुसऱ्या वाक्याला सुटतो. या चित्रपटात तर बोली हाच पुरावा आहे: भूमिगतांमध्ये शिरलेला पोलिसांचा दुसरा खबऱ्या स्वतःला साक्रीकडचा म्हणवतो, पण मूळचा यावलचा आहे. ‘तो मना भाऊ शे’ म्हणायचं तिथे घाईत ‘तो मना भाऊ हाये’ म्हणून जातो, आणि चुलीपाशी भाकरी थापणारी म्हातारी हात थांबवते. संवाद एवढाच, स्पष्टीकरण नाही. पहिल्या कटमध्ये तिथे कोणीतरी समजावून सांगणारं वाक्य घातलं होतं. ते काढलं. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला शब्द कळला नाही तरी थांबलेला हात कळतो.

मात्र यासाठी बाकीची अहिराणी निर्दोष हवी. चार जण चुकत असतील तर पाचव्याची चूक पुरावा ठरत नाही. अहिराणी बोलणारा एक जाणकार संवादलेखनापासून डबिंगपर्यंत सोबत हवा, आणि टेक पास करण्याचा अधिकार त्यालाही हवा.

परवाने, थोडक्यात

बैलांसाठी चित्रीकरणाआधीच भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे अर्ज, सोबत पशुवैद्यकाचा दाखला. हे कागद नसले तर प्रमाणपत्राच्या वेळी अडतं. बंदुका लाकडी आणि रबरी असल्या तरी स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवावं, रात्री रस्त्यावर बंदूकधारी दिसले की गाव घाबरतं. चौकीतल्या मारहाणीमुळे यूए १३+ ची, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा अशा प्रमाणपत्राची, अपेक्षा धरली. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे आहेत.

ध्वनी

तारघरावर पत्र्याचं छत. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी निवताना आकसतो आणि टक् टक् वाजतो. एरवी कोणी लक्षही दिलं नसतं. इथे तो आवाज साउंडरसारखाच होता. संध्याकाळच्या प्रत्येक टेकमध्ये न पाठवलेले डॉट ऐकू येत होते. पत्र्यावर ओली पोती टाकून थोडा फरक पडला. बागेत वेगळा त्रास: शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीला, लाइट दिवसा की रात्री याची पाळी बदलत राहते, आणि रात्री लाइट आली की ऑटो स्टार्टर लावलेल्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम घुमू लागतात. वीज कंपनीच्या गावच्या कार्यालयात त्या आठवड्याची पाळी विचारायला हवी होती. विचारली दुसऱ्या रात्रीनंतर.

सेटवरचा साउंडर घरगुती होता: १२ व्होल्टचा रिले (विद्युतचुंबकावर चालणारा स्विच), सागवानी पेटी, बॅटरी. दिसायला ठीक, पण आवाज पातळ. पेटीमागे रिकामा पत्र्याचा डबा ठेवल्यावर तो भरला. पहिल्या ध्वनिमिश्रणात मात्र हा आवाज कोणी वापरलाच नाही. आवाजांच्या संग्रहातला एक स्वच्छ खडखडाट घेऊन सगळ्या दृश्यांत तोच फिरवला. तिथे दुसऱ्यांदा चित्रपट मेला, कारण तारबाबू, धाकटा आणि भुसावळचा बाबू या तिघांचा हात एकसारखा झाला. एकसष्टाव्या दृश्यात ओळखायला काही उरलंच नाही.

सगळं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, शांत खोलीत, त्याच रिले-डब्यावर. तीन हात वेगळे: तारबाबूची शेवटची डॅश ४५० मिलिसेकंद, धाकट्याचीही ४५०, पण त्याचा डॉट किंचित आखूड, ९० चा, घाईचा, भुसावळचा बाबू काटेकोर, १०० आणि ३००. धाकट्याचा तो आखूड डॉट पहिल्यांदा ऐकताना कोणाच्या लक्षात येत नाही, येऊही नये. दुसऱ्यांदा पाहणाऱ्यासाठी तो आहे. ताटावरच्या चमच्याचा आवाजही याच मापाने बदलला, कारण सेटवर नटाने अंदाजाने वाजवला होता आणि त्यात शेवटचं अंतर लांब नव्हतंच. चमचा दिसतो त्या शॉटला आवाज जुळेना, म्हणून शेवटच्या दोन टकटकींवर धाकट्याच्या हाताऐवजी दादाचा चेहरा लावला. दादा जेवता जेवता किंचित थांबतो. त्याने हात ओळखलाय, आणि किल्लीबद्दल अजून त्याला काहीच ठाऊक नाही.

शेवटची जुळवाजुळव थिएटरात ऐकून केली. लहान गावांतल्या थिएटरात पंखे आणि कूलर चालू असतात, स्टुडिओत स्पष्ट ऐकू येणारा ‘टक्’ तिथे बुडतो. साउंडर मोठा केला तर तो खोलीतला न वाटता कानाजवळचा वाटू लागला. म्हणून त्याला हात लावला नाही. एकसष्टाव्या दृश्यात तार सुरू होण्याआधी दोन सेकंद रातकिडे, वारा आणि दूरचं कुत्रं एकेक करून काढून घेतलं. पहिला ‘कट्’ पडतो तेव्हा पडद्यावर फक्त बंद दार आहे.